ओव्हर देता-घेताना

दुपारी पावणेदोनला डोंबिवलीतल्या एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सिस्टर ओव्हर द्यायला लागतात. मॉर्निंगची पुढे, इव्हिनिंगची मागे, खाटेमागून खाट. "चार नंबर, शुगर तीनशेच्या वर, इन्सुलिन दिलंय, चारला परत बघ. सात नंबरची लघवी कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय. अकराच्या पेशंटच्या मुलाला जरा सांभाळून घे गं, सकाळपासून चिडलाय."

हे शेवटचं वाक्य कुठल्याच रजिस्टरात लिहिलं जात नाही. रुग्णालयात हल्ला करणाऱ्याला राज्याच्या २०१०च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हात उगारला जाण्याआधी सिस्टरच्या कामी येतं ते हे वाक्यच. इव्हिनिंगवालीने पहिली फेरी अकरा नंबरपासून सुरू केली, मुलाला बाकावर बसवून रिपोर्ट समजावून सांगितले. दहा मिनिटं गेली, आवाज खाली आला.

ही दहा मिनिटं येतात कुठून? बहुतेक ठिकाणी ड्युटी दोनला संपते आणि दोनलाच सुरू होते. मधला ओव्हर कुणाच्याच हिशेबात नसतो. बदलापूरला राहणारी सिस्टर मग अर्धा तास उशिरा निघते. कल्याणच्या पुढे गाड्या आधीच कमी, त्यातली एक चुकली की शाळेतून आलेलं मूल शेजाऱ्यांकडे. या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनी इव्हिनिंगची वेळ दीडची केली आहे. त्या महिन्याची ड्युटी लिस्ट आठवडाभर आधी लावतात आणि नाईट उतरलेल्या बाईला मीटिंगला बोलवत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी मी पाहिलेलं सगळ्यात नेमकं काम हेच. १२ मेच्या परिचारिका दिनाला गुलाब द्यावेत, जरूर द्यावेत. पण ड्युटी लिस्ट त्याआधी लावावी.

अर्थात माणसंच नसतील तर इन्चार्ज तरी काय करणार? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. इथे रात्री दोघी असतात आणि वॉर्ड भरलेला. पाणी बेतानेच पितात, कारण बाथरूमला जायचं तर दुसरीने दोघींचे पेशंट बघायचे.

ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली, मंत्री येऊन गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच खाटांवर पुढची ड्युटीही लागलीच, आणि कुणीतरी ती केलीच. त्यांचं मन कुणी पाहायचं? टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. नाईट करून लोकलने घरी पोचलेली बाई तो लावणार नाही, ती झोपेल. म्हणून मृत्यू झालेल्या वॉर्डातल्या सिस्टरला, मावशींना, वॉर्डबॉयला ड्युटीच्या वेळेतच समुपदेशकाकडे पाठवायला हवं. तितका वेळ त्यांच्या खाटा सांभाळायला बदली माणूस द्यायला हवा, आणि सेवापुस्तकात त्याची कसलीही नोंद होता कामा नये.