कॉन्डॉरच्या दरीत दोन दिवस



दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३३५ मीटर उंचीवर अरेकिपा हे शहर वसले आहे. ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडांनी बांधलेल्या त्याच्या जुन्या इमारती उन्हात लखलखतात आणि शहराच्या पाठीशी मिस्ती ज्वालामुखीचा ५,८२२ मीटर उंचीचा शंकू उभा असतो. या शहरातून कोल्का नदीची दरी पाहण्यासाठी दोन दिवसांची सहल निघते. एक छोटी बस, दहा-पंधरा प्रवासी आणि एक गाईड. चला, आज त्या बसमध्ये आपणही बसू.

बस सुटण्याआधी गाईड काही सूचना देतो. सावकाश चाला, अजिबात पळू नका. पाणी घोट घोट पीत राहा. रात्री पोटाला तड लागेपर्यंत जेवू नका. आणि उद्या पहाटे वेळेवर तयार राहा, नाही तर कॉन्डॉर पक्षी दिसणार नाही. शाळेच्या सहलीत गुरुजी देतात तशाच या सूचना वाटतात, नाही का? पण यांतली एकही सूचना शिस्तीसाठी दिलेली नाही. या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हवा.

अरेकिपाहून चिवाय या गावापर्यंतचा रस्ता सुमारे १६० किलोमीटरांचा आहे. तो आधी ओसाड माळावर चढतो. तेथे व्हिकुन्या नावाचे, हरणासारखे दिसणारे पण उंटाच्या कुळातले प्राणी चरताना दिसतात. मग रस्ता पातापाम्पा खिंडीत पोहोचतो. या खिंडीची उंची आहे ४,९१० मीटर! आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक रचावेत, इतक्या उंचीवर बस तुम्हांला तीन-चार तासांत नेऊन ठेवते.

बॅगेत बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट असेल तर येथे ते काढून पाहा. ते फुग्यासारखे टम्म फुगलेले असेल. आत हवा कोणी भरली? कोणीच नाही. आतली हवा तेवढीच आहे, बाहेरचा दाब मात्र कमी झाला आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. अरेकिपात तो सुमारे ५७० आणि पातापाम्पा खिंडीत सुमारे ४१० मिलिमीटर भरतो. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो असे पुस्तकात वाचले असेल. या खिंडीत त्या समुद्राचा जवळजवळ निम्मा भाग तुमच्या पायांखाली असतो.

‘उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो’ असे वाक्य पुष्कळ जण म्हणतात. ते थोडे फसवे आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण येथेही मुंबईइतकेच, शेकडा २१ आहे. मात्र हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात येणारे प्राणवायूचे रेणू कमी भरतात.

किती कमी? येथे एक गंमत आहे, ती नीट पाहू या. श्वासावाटे आत गेलेली हवा ओलसर होते आणि शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला येते. या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो. तो समुद्रकाठीही ४७ आणि खिंडीतही ४७, कारण तो फक्त तापमानावर अवलंबून आहे. वाफ आपला वाटा आधी घेते आणि उरलेल्यात बाकीचे वायू. मुंबईत ७६० वजा ४७, उरले ७१३. त्याचे शेकडा २१ म्हणजे सुमारे १५०. खिंडीत ४१० वजा ४७, उरले ३६३. त्याचे शेकडा २१ म्हणजे ७६. हवेचा दाब निम्म्याहून थोडा अधिक आहे, पण छातीत शिरणाऱ्या प्राणवायूचा दाब मात्र बरोबर निम्म्यावर आला! म्हणून तर बसमधून उतरून दहा पावले चालताच धाप लागते.

मग जास्त जोराने श्वास घेतला की झाले, असे तुम्ही म्हणाल. शरीर तेच करते; पण त्यात एक अडचण आहे. जोरजोराने श्वास सोडताना रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडही अधिक बाहेर पडतो. हा वायू रक्तात कार्बॉनिक आम्लाच्या रूपात असतो. तो घटला की रक्त नेहमीपेक्षा अल्कधर्मी होऊ लागते. मेंदूतील श्वसनकेंद्र हा बदल ओळखून ‘श्वास आवरा’ असा हुकूम सोडते. एकीकडून प्राणवायू कमी म्हणून ‘श्वास वाढवा’ आणि दुसरीकडून ‘श्वास आवरा’, अशी ही ओढाताण. ती सोडवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात. मात्र हे काम तासाभराचे नाही, त्याला काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे लागतात.

या सहलीतला खरा धोका येथेच आहे. उंची हा एक भाग झाला. ती किती घाईने गाठली हा त्याहून महत्त्वाचा. राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. काल तेथून विमानाने अरेकिपाला आलेला प्रवासी आज खिंडीत उभा राहतो. डोके ठणकते, मळमळते, झोप उडते. तिकडे या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. बहुतेकांचा त्रास एवढ्यावरच थांबतो; परंतु क्वचित फुप्फुसांत पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग जिवावर बेतते. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला येणे, चालताना झोकांड्या जाणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, रोग्याला ताबडतोब खाली न्यायचे. जमेल तितके आणि जमेल तितक्या लवकर.

गाईड खिंडीत बस थोडा वेळच थांबवतो, त्याचे कारण आता लक्षात आले ना? छायाचित्रे काढून झाली की तो सर्वांना गाडीत बसवतो आणि १,३०० मीटर खाली, ३,६३५ मीटर उंचीवरील चिवाय गावी मुक्कामाला नेतो. रात्री तेथेही काहींना झोपेत श्वास अडखळल्यासारखे वाटून जाग येते. ही मघाचीच ओढाताण. जेवण हलके ठेवायचे, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. आणि कोरड्या हवेत जलद श्वास घेताना शरीरातील पाणी वाफेच्या रूपाने जात राहते, म्हणून घोट घोट पाणी.

एकाच दिवसात जाऊन-येऊन करण्याच्या सहलीही अरेकिपाहून निघतात, अगदी अपरात्री. माझे मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नये. अरेकिपात दोन दिवस सावकाश हिंडावे आणि मगच दोन दिवसांच्या सहलीला निघावे. पेरू फार दूर राहिला, असे म्हणू नका. चिवायची उंची आणि आपल्या लडाखमधील लेह गावाची उंची यांत फारसा फरक नाही, लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. मुंबई-पुण्याहून निघालेली कुटुंबे विमानाने काही तासांत लेहला उतरतात आणि त्याच दुपारी फिरायला बाहेर पडतात. मूत्रपिंडांना मराठी, स्पॅनिश वा लडाखी समजत नाही. त्यांना वेळ लागतो तो लागतोच. तुमच्या घरी असा बेत ठरत असेल, तर पहिले दोन दिवस विश्रांतीचे राखून ठेवायला वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा.

मग तेथील माणसे कशी राहतात? पिढ्यान्‌पिढ्या या उंचीवर राहिल्यामुळे त्यांची छाती भरदार आणि रक्तातील हिमोग्लोबिन अधिक असते. व्हिकुन्याची युक्ती वेगळी आहे. त्याचे हिमोग्लोबिन प्राणवायूला आपल्यापेक्षा अधिक घट्ट धरते, त्यामुळे विरळ हवेतूनही तो खेचून घेता येतो.

चिवायमध्ये पाणी ८८ अंशांनाच उकळते. भांड्यात बुडबुडे जोरात येत असतात आणि आतला बटाटा मात्र कच्चाच! हा प्रयोग घरी करता येईल. सुई नसलेली सिरिंज घ्या, तिच्यात सोसवेल इतके गरम पाणी थोडेसे ओढा. आतली हवा बाहेर काढा. टोक बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या जोराने मागे खेचा. पाणी उकळू लागलेले दिसेल, आणि तेही तुमच्या हाताला न भाजता. (बटाट्याचे मूळ घर हेच अँडीज पर्वत. त्याचे मराठी नाव मात्र आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणले.)

दुसऱ्या दिवशी पहाटे बस दरीच्या काठाने निघते. दरीच्या वरच्या भागात डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत. ती इंकांच्याही आधीपासूनची. रात्रभर थंड झालेली जड हवा या उतारांवरून पाण्यासारखी वाहत तळाकडे गेलेली असते. बांधांचे दगड दिवसा तापतात व रात्री ऊब सोडतात, त्यामुळे पिकांचे हिमापासून थोडे रक्षण होते. विरळ, कोरडी हवा म्हणजे पातळ पांघरूण. येथे दुपारी चटका बसतो आणि रात्री दात वाजतात.

पुढे दरी एकदम खोल होते. काठावरील शिखरांपासून नदीपर्यंत मोजली तर कोल्काची खोली ३,२०० मीटरांहून अधिक भरते, म्हणजे अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या जवळजवळ दुप्पट. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकत आहे. त्यामुळे अँडीज वर उचलला जात राहिला आणि नदी कापत राहिली. जगातील सर्वांत खोल दरी हीच, असे येथे अनेकदा ऐकायला मिळते. ते मनावर घेऊ नका. शेजारचीच कोताउआसी दरी तिच्याहून खोल आहे आणि हिमालयात तर त्याहून खोल दऱ्या आहेत. शिवाय खोली मोजायची कोठून? ‘क्रूस देल कॉन्डॉर’ या जागी तुम्ही कठड्याशी उभे राहता, तेथून नदी सुमारे १,२०० मीटर खाली असते. डोळे फिरायला तेवढी पुरे!

सकाळी आठच्या सुमारास सगळे येथे वाट पाहत असतात. कॉन्डॉर हा गिधाडासारखा मृतभक्षी पक्षी. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३ मीटर. मोठ्या नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत. असा पक्षी कड्याच्या कपारीत चुपचाप बसून असतो. तोही वाट पाहत असतो, उन्हाची.

असे का? एखाद्या पक्ष्याची लांबी, रुंदी, जाडी सारी दुप्पट केली, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होईल, पण वजन आठपट! पक्षी जितका मोठा, तितके पंख मारून उडणे महाग. १० किलोग्रॅमच्या कॉन्डॉरला १,००० मीटर वर चढायला निदान ९८,००० ज्यूल कार्य करावे लागेल, आणि हा झाला फक्त उंचीचा हिशेब, हवेत टिकून राहण्याचा खर्च वेगळाच. त्यात हवा विरळ. ३,८०० मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या शेकडा ६८ असते. तेवढाच उचल-जोर मिळवायचा तर वेग सुमारे शेकडा २० वाढवावा लागतो.

ऊन कड्याच्या भिंतीवर पडते. खडक तापतो, त्याला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि भिंतीला धरून वर चढू लागते. चढत्या हवेचा वेग पक्ष्याच्या खाली घसरण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला, की पंख पसरून बसलेला पक्षी आपोआप वर जातो. उतरत्या सरकत्या जिन्यावर तुम्ही वर चढता ना, त्याच्या उलट हा हिशेब. तो त्या हवेच्या आत सतत खालीच घसरत असतो, पण हवाच त्याला त्याहून वेगाने वर नेते. पाहता पाहता कॉन्डॉर तुमच्या पायांखालून निघून, घिरट्या घेत, डोक्यावरून जातो. पंख एकदाही हलत नाहीत.

ही अतिशयोक्ती नव्हे. शास्त्रज्ञांनी अर्जेंटिनात आठ तरुण कॉन्डॉरांच्या अंगावर नोंदयंत्रे बसवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की उडण्याच्या एकूण वेळापैकी जेमतेम शेकडा १ वेळ हे पक्षी पंख मारतात, आणि तोही बहुतांशी उड्डाण करताना. एक पक्षी तर पाच तासांत १७२ किलोमीटर गेला आणि त्याने पंख एकदाही फडफडवला नाही! आपल्याकडील घारी आणि गिधाडे हीच विद्या वापरतात. सुट्टीच्या दिवशी घारींकडे लक्ष ठेवा. सकाळी कितीला त्या घिरट्या घालू लागतात आणि ढगाळ दिवशी त्या वेळेत काय फरक पडतो, याची वहीत महिनाभर नोंद करून पाहा.

दुपारी बस परतीला लागते आणि पुन्हा पातापाम्पा खिंडीत थांबते. येथे पाण्याची एक लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. बूच उघडून पुन्हा घट्ट लावा आणि बॅगेत टाका. अरेकिपाला पोहोचेपर्यंत ती चेपलेली असेल. तापमान सारखेच धरले तर आतल्या हवेचे आकारमान ४१० भागिले ५७०, म्हणजे साधारण ७२० घनसेंटिमीटर उरेल. प्रत्यक्षात मात्र खिंडीत थंडी असते आणि अरेकिपात ऊब. समजा, खिंडीत तापमान ५ अंश सेल्सियस आणि अरेकिपात २० अंश होते. आता बाटलीतील हवा किती जागा व्यापेल? आणि तीच बाटली ३० अंशांच्या मुंबईत आणली तर?