टक् आवाज गेला, धूरही गेला

अमेरिकेत घरामागच्या अंगणात दिसणारा इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे छोट्या फ्रिजएवढं पत्र्याचं कपाट. तळाला कॉइल, तिच्यालगत लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे आणि वर जाळ्यांवर मांस. हिकरीच्या किंवा सफरचंदाच्या ढलप्या धुमसतात, मांस मंद आचेवर तासन् तास शिजत राहतं. स्वस्त स्मोकरमध्ये ही आच सांभाळतो द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट. आपल्या इस्त्रीतही तोच असतो; मधूनच ‘टक्’ वाजतं ते त्याचंच.

या पट्टीला दोनच गोष्टी कळतात: वीज पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. ११० अंश सेल्सिअस लावले की ११०ला ती वीज तोडते, पण तापलेल्या कॉइलमधली उष्णता त्यानंतरही बाहेर पडतच राहते आणि कपाट १२०च्या घरात जातं. उतरतानाही पट्टी घाई करत नाही, आणि ते मुद्दामच. क्षणाक्षणाला जोडतोड झाली तर ठिणग्यांनी तिचे संपर्कबिंदू जळतील. त्यामुळे पारा सतत वर-खाली होत राहतो.

डुकराच्या खांद्याच्या मोठ्या तुकड्याला हे फारसं बाधत नाही, तो चढउतार पचवतो. सत्तर अंशांच्या आसपास त्याचं आतलं तापमान तासन् तास अडून बसतं आणि लोक थर्मोस्टॅटला शिव्या घालतात. पण तिथे दोष बाष्पीभवनाचा: येणारी उष्णता मांसावरून उडणारं पाणीच घेऊन जातं. खरी परीक्षा सॉसेजची. आतला गाभा ७१ अंशांपर्यंत न्यायचा, पण कपाट ८०च्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही. गेलं तर चरबी वितळून आवरणाखाली साचते आणि आतलं मांस भुशासारखं कोरडं होतं. माझ्या मते, सॉसेज करणाऱ्यानेच थर्मोस्टॅटच्या सुधारणेवर पैसे घालावेत.

सुधारणा म्हणजे पीआयडी कंट्रोलर. तो तीन गोष्टी पाहतो: तापमान आत्ता किती चुकलंय, आतापर्यंत चुकीची बेरीज किती झाली आणि चूक कोणत्या वेगाने बदलतेय. जहाजाचं सुकाणू धरणारा माणूस हेच करतो, हे ओळखून निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली त्याचं गणित मांडलं. अमेरिकी आरमाराच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्याही झाल्या. या तीन गोष्टींना किती वजन द्यायचं याचे सोपे नियम झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२मध्ये दिले. आज ‘ऑटोट्यून’ चालू केलं की कंट्रोलर मुद्दाम तापमानाला हेलकावे देतो आणि त्या हेलकाव्यांची उंची व लांबी मोजून वजनं स्वतःच ठरवतो.

समजा कंट्रोलरचा हिशेब आला की कॉइलला ४० टक्के वीज हवी. मग दर दोन सेकंदांतले ०.८ सेकंद कॉइल चालू. इतक्या उघडझापीने वीज जोडणारा-तोडणारा साधा रिले लवकर झिजेल, म्हणून हलता भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले लावतात. अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर १२०० वॅटची कॉइल १० अँपिअर ओढते, तेव्हा हा रिले स्वतःच दहा-बारा वॅटने तापतो. त्याला उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीट सिंक हवाच. बिघडला तर तो बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो, म्हणून अतितापमानाला वीज तोडणारा मूळचा कटआउट काढायचा नाही. सेन्सर जाळीच्या उंचीवर, पण मांसापासून थोडा दूर. गार मांसाला चिकटला तर कंट्रोलर फसतो.

एवढं सगळं जमलं, आकडा स्थिर झाला, की नवीनच तक्रार येते: धूर नाही. ढलप्या धुमसायला त्यांचं तापमान तीनशे अंशांच्या आसपास जावं लागतं. जुना थर्मोस्टॅट कॉइलला मिनिटंच्या मिनिटं पूर्ण जोराने तापवायचा, त्यात ट्रे करपायचा आणि धूर निघायचा. पीआयडीच्या छोट्या झटक्यांत, त्यातही सॉसेजच्या कमी आचेवर, ट्रे तेवढा तापतच नाही. जुन्या थर्मोस्टॅटच्या ढोबळपणावरच धूर अवलंबून होता.

म्हणून जाणकार धुराचं खातं वेगळं करतात. भोकं पाडलेली स्टीलची नळी, तिच्यात लाकडी पेलेट ठासलेले, एका टोकाला ब्लोटॉर्चने पेटवायचं. मग ज्योत विझवून नळी आत ठेवायची आणि वरची झडप उघडी सोडायची. कॉइल बंद असली तरी नळी धुमसत राहते. ती स्वतःची थोडी उष्णताही सोडते. कंट्रोलर तेवढी कॉइलच्या वाट्यातून कमी करतो.