गाडी उचलून घ्यायची? आधी ती खाली कुठे टेकते ते बघा

ऊसतोड संपते, पाणंदीतून ट्रॉल्या जायच्या बंद होतात, पण त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच राहतात. वळवाचा एक पाऊस झाला की चाकोऱ्या पाण्याने भरतात आणि मधला वरंबा तेवढा वर दिसतो. शिरोळ, हातकणंगले, करवीर पट्ट्यात मळ्यावर जाणारी बोलेरो नाहीतर पिकअप नेमकी याच वरंब्यावर बसते. चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मग गॅरेजमध्ये विषय निघतो. "दोन इंच उचलून घ्या की, परत अडायची नाही."

गाडी उचलली जाते, पैसे जातात आणि पुढच्या पावसात ती त्याच वरंब्यावर पुन्हा बसते.

यात गूढ काही नाही. सस्पेन्शन उचलले की स्प्रिंगच्या किंवा कमानपाट्याच्या वर जे आहे ते वर जाते, म्हणजे चासी, बॉडी, पायरी, बंपर. मागचा अॅक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हे पाट्याच्या खालच्या बाजूचे, थेट चाकांना जोडलेले. चाकाचा मध्य जमिनीपासून जितका वर, तितकाच अॅक्सल वर. गाडी दोन इंच उचला नाहीतर चार इंच, गोळा होता तिथेच राहतो. आणि चाकोरीतल्या वरंब्यावर पहिल्यांदा टेकतो तो गोळाच.

म्हणून खर्च करण्याआधी गाडी सपाट जागी लावून, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून खाली आडवे पडायचे आणि घासल्याच्या खुणा बघायच्या. खुणा गोळ्यावर असतील तर उपाय टायरचा आहे. गिअरबॉक्सखालची पट्टी, चासी किंवा पायरी घासली असेल तर गाडीचे पोट टेकते आहे, तिथे लिफ्टचा उपयोग होतो. पुढचा बंपर खालून सोलला असेल तरी होतो. आणि खुणा कुठेच नसतील, गाडी नुसती चिखलात घसरून अडत असेल, तर लिफ्टने काहीच होणार नाही. काळ्या रानाची माती टायरच्या खाचांत बसली की चाक गुळगुळीत होते, मग गाडी कितीही उंच असो. तिथे खोल खाचांचे टायर लागतात, हवा थोडी कमी करावी लागते (डांबरीवर येताच पुन्हा भरायची), नाहीतर रान वाळेपर्यंत थांबायचे.

टायरने किती उंची मिळते याचा हिशेब कागदावर करता येतो. बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर घ्या. रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिमी, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. खालची-वरची बाजू आणि रिम मिळून टायर सुमारे ७०३ मिमी उंच भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर ७३३ मिमी. फरक ३० मिमीचा, पण अॅक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे १५ मिमी. पाऊण इंचसुद्धा नाही. तरी हा १५ मिमी खरा, कारण तो गोळ्याखाली मिळतो. मात्र काट्यावर ६० दिसताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या आसपास धावते, भरल्या गाडीत चढाला गिअर लवकर खाली घ्यावा लागतो आणि ब्रेकवरही ताण येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का, हे दुकानातच बघून घ्यावे.

शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडचे दुखणे वेगळे आहे. तिथे उंच बांध, ओढ्याची दरड, जांभ्याचा कातळ. गाडी बांधावर चढते आणि पुढची-मागची चाके दोन्हीकडे उतरताना पोट मध्ये टेकते. दरडीला बंपर आधी लागतो. इथे दीड-दोन इंचाची उचल खरोखर कामाला येते. त्यापेक्षा जास्त उचल शेतकऱ्याच्या रोजच्या गाडीला नको. वजन वर गेले की गाडी वळणावर जास्त झुकते. आंबा घाट किंवा करूळ घाटात माणसे भरलेली, टपावर सामान टाकलेली उंच गाडी एकदा चालवली की हे वेगळे सांगावे लागत नाही.

कमानपाट्याची गाडी उचलायचे चार-पाच प्रकार गॅरेजमध्ये सांगितले जातात आणि त्यातला स्वस्त तो सहसा त्रासाचा. लांब शॅकल घातले की पाट्याचे एकच टोक खाली जाते. त्यामुळे दोन इंच जादा लांबीच्या शॅकलने उंची एकच इंच मिळते, वर अॅक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो. जुन्या जीपसारखे पुढेही पाटे असतील तर स्टिअरिंग भटकायला लागते. अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी गुटका घालतात, तो फक्त मागे चालतो. पुढे कधीही नाही, आणि गुटक्यावर गुटका तर कुठेच नाही. एक पाटा वाढवला तर उंचीबरोबर ताठपणाही वाढतो. रोज खत, दूध, भाजी वाहणाऱ्या पिकअपला ते चालेल, पण घरच्या गाडीत मागे बसलेली म्हातारी माणसे प्रत्येक खड्ड्याला उडतील. चांगला मार्ग म्हणजे जास्त कमान दिलेल्या पाट्यांचा पूर्ण सेट आणि त्याला जुळणारे लांब शॉकअप.

सेट घेताना दुकानदाराला गाडीत कायम किती वजन असते ते खरे सांगायचे. युरियाची गोणी ४५ किलोची, दहा गोण्या म्हणजे साडेचारशे किलो. हे वजन रोजचे आहे की महिन्यातून एकदाचे, यावर पाटा किती ताठ घ्यायचा ते ठरते. महिन्यातून एकदा असेल तर मऊ पाटाच घ्यावा.

२०१० ते २०२० च्या दरम्यानच्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार आहे. त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते, खर्च जवळजवळ नाही, म्हणून पोरं सर्रास आवळतात. पण चाक खाली जायला जी जागा असते ती संपते, खड्ड्यात चाक लोंबकळते, आणि शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढून रबरी बूट लवकर फाटतो. नव्या थारला चारही बाजूंना गोल स्प्रिंग आहे आणि जमिनीपासून उंची कंपनीच्याच आकड्यानुसार २२६ मिमी. बोलेरोची १८०. नवी थार घेऊन लगेच लिफ्टच्या मागे लागणाऱ्यांनी आधी एक पावसाळा तशीच चालवून बघायला हरकत नाही.

उचलल्यावर तपासायच्या गोष्टी गॅरेजवाला स्वतःहून सांगेलच असे नाही. शॉकअप जुनेच ठेवले तर चाक खाली गेल्यावर ते पूर्ण ताणले जाऊन धक्का खातात. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, हे चाक लोंबकळत ठेवून बघावे. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला एक सळई जोडलेली असते. मागचा भाग किती दबला यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांचा ब्रेक कमी-जास्त करतो. गाडी उचलून ती सळई जुळवली नाही, तर गाडी रिकामी आहे असे समजून भरल्या गाडीलाही मागे ब्रेक कमी मिळतो. व्हील अलाइनमेंट तर करायलाच हवी. हेडलाइटही खाली करून घ्यावेत, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

कायद्याची बाजू कुणाला आवडत नाही, पण ती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून, उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी गाडीखाली काय बसवले आहे ते बघितले जाते. पिकअपवाल्यांना पासिंगलाही अडचण येऊ शकते.

उंच गाडी पाण्यातून जाते, असाही एक समज आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तो आपल्या जिल्ह्यात राहायला नको होता. दोन इंच उचललेल्या गाडीचे इंजिन हवा ओढते ती जागा दोनच इंच वर जाते. वाहत्या पाण्याचा रेटा आणि वाहून गेलेली मोरी दोन इंचांनी बदलत नाही.

आणि ज्यांनी सगळा विचार करून काम करून घेतलेच आहे, त्यांनी दीडशे-दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा गॅरेजला नेऊन यू-बोल्ट आवळून घ्यावेत. नवे पाटे बसले की ते ढिले होतात.