शटर अडलेय? जोर लावू नका!

जून महिन्यातील संध्याकाळ. दिल्लीत आंधी सुटलेली, डोळ्यांत धूळ जातेय. घाईघाईने गाडी गॅरेजमध्ये घालून आपण शटर खाली ओढता आणि ते जमिनीपासून वीतभर वरच अडून बसते. पतिराज दौऱ्यावर, शटरवाला मिस्त्री सकाळशिवाय यायचा नाही. मग शेजारच्या मुलांना बोलावून धक्के मारणे सुरू होते.

नोएडा असो, गुरुग्राम असो की फरीदाबाद, कोठीत राहणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. पण अडलेल्या शटरवर जोर लावणे म्हणजे शंभर रुपयांच्या दुखण्याचे हजारांत रूपांतर करणे. शिवाय हातपाय गमावण्याचा धोका वेगळाच.

शटर चालते कसे?

शटरच्या पट्ट्या वरच्या शाफ्टवर गुंडाळल्या जातात. शाफ्टवर स्प्रिंगा असतात. शटर खाली आले की त्या आवळतात आणि त्याचे वजन पेलतात. म्हणूनच एवढे जड शटर आपण हाताने उचलू शकतो.

शटर कुठे अडते ते आधी पाहा

● दर वेळी एकाच जागी अडते : तिथे बाजूची खाच, म्हणजे चॅनल, चेपलेली असणार किंवा एखादी पट्टी सरकलेली असणार. चॅनलमधील धूळ कोरड्या ब्रशने काढा. जाड ग्रीस थापू नका. दिल्लीची धूळ त्यात बसून चिखल होतो. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरे.

● एक बाजू खाली, एक वर : शटर नेहमी मधोमध, दोन्ही हातांनी ओढावे. तरीही तिरके येत असेल तर पट्ट्या सरकल्या असतील किंवा एखादी स्प्रिंग तुटली असेल.

● खाली येते, पण कुलपाचा दांडा बसत नाही : भोकात माती भरली आहे का, खालची पट्टी वाकली आहे का, उंबऱ्यापाशी खडा अडकला आहे का, ते पाहा.

● सोडले की आपोआप वर जाते : स्प्रिंग जास्त आवळलेली आहे.

● धाडकन कोसळते : स्प्रिंग सैल पडली आहे किंवा तुटली आहे. असे शटर मुळीच वापरू नका.

स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हाताचे हाड मोडू शकते. हे काम मिस्त्रीचेच.

भारतीय मानक 6248 नुसार हाताने ओढायचे साधे शटर सुमारे 8 चौरस मीटरपर्यंतच योग्य; त्यापुढे 12 चौरस मीटरपर्यंत बॉलबेअरिंग हवे. तुमचे शटर पहिल्यापासूनच जड असेल, तर मिस्त्रीला हे जरूर विचारा.

मोटारीचे शटर असेल तर

बंद होता होता ते पुन्हा वर जात असेल तर मोटार बिघडली, असा निष्कर्ष काढू नका. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीजवळ बसवलेल्या सेन्सरच्या काचा मऊ कापडाने पुसा. धूळ, कोळ्याचे जाळे किंवा तिरपे ऊनही त्यांना फसवते. मात्र कटकट नको म्हणून सेन्सर काढून टाकू नका. गॅरेजच्या स्वयंचलित दाराखाली सापडून मुले दगावल्यानंतर अमेरिकेत 1993 पासून घरगुती दारांच्या नव्या यंत्रांत अशी सुरक्षा सक्तीची झाली.

वीज गेल्यावर शटर हाताने कसे चालवायचे, ते आजच शिकून घ्या.

रात्र कशी काढाल?

गॅरेजमधून घरात येणारे दार आतून बंद करा. गॅरेजचा दिवा चालू ठेवा. चौकीदाराला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. अर्धवट शटरखालून मुलांना वाकून जाऊ देऊ नका.

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर, धुके पडण्याआधी एकदा, शटरची साफसफाई करा. कुरकुर ऐकू येताच मिस्त्रीला बोलवा. दिवसाउजेडी केलेली दुरुस्ती रात्री अकराच्या धावपळीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.