आधी पाणी, मग वस्ती

मुलांच्या हातातील यंत्रावर जे खेळ चालतात, त्यांकडे वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालूनच पाहावे, अशी आपल्या घरांतून एक रीत पडून गेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्यांतील एका खेळाविषयी चार शब्द बरे बोलावेत, असे आम्हांस वाटते. सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ साली संगणकावर आला आणि त्याच्या नवनव्या आवृत्त्या तेव्हापासून निघत आल्या आहेत. बुद्धिबळाप्रमाणे हाही पाळीपाळीने खेळावयाचा. हाताच्या चपळाईला येथे मोल नाही. हवा तितका विचार करावा आणि मग चाल करावी. आरंभी समोर असतो एक ओसाड नकाशा व मूठभर माणसे. त्यांनी एक गाव वसवावयाचे, त्याचे नगर करावयाचे, आणि मग शेजारी दुसरे, तिसरे उभे करीत राज्य वाढवावयाचे.

नवशिका खेळाडू येथे हमखास फसतो. नकाशावर जागा मोकळी दिसली की तो गावामागून गाव वसवीत सुटतो आणि थोड्याच चालींत त्याचे राज्य लंगडू लागते. याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. भोवतालची जमीन धान्याची शिल्लक टाकील तोवरच नगरातील माणसे वाढतात. आरंभीच्या आवृत्त्यांत तर एका ठराविक आकारापुढे, पाण्याचा पाट बांधल्यावाचून, नगर वाढूच शकत नाही. त्या आवृत्त्यांत माणसे वाढली आणि सोयी वाढल्या नाहीत, तर नगरात बेबंदशाही माजून सारे कामकाज ठप्प होते. शिवाय त्यांत राजधानीपासून नगर जितके दूर, तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग गैरव्यवहारात गळून जातो. थोडक्यात, आधी धान्य व पाणी, मग माणसे, आणि शेवटी शोभेच्या इमारती, हा क्रम ज्याला उमगला त्याचे नगर तगते.

हा क्रम पटावर शिकणे सोपे आहे. जमिनीवर त्याची कसोटी कशी लागते, हे पाहावयाचे असेल तर गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांकडे वळावे. आपल्या वाचकांपैकी काहींची मूळ घरे व कुलदेवता त्या बाजूला आहेत. काही कुटुंबे आजही तेथेच नांदत आहेत. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटणार नाही.

सड्याची शिकवण

अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात हे दोन्ही तालुके सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादीं'त मोडू लागले. जुन्या काबिजादीत देवळांची जी मोडतोड झाली, तिची झळ या भागास त्या प्रमाणात लागली नाही. मराठीचा पाठ, कीर्तन व दशावतार येथे अखंड राहिले. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटीश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला, हे तर सर्वश्रुतच आहे. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ भरली. खुद्द डिचोली शहर सुमारे १७ हजारांचे. म्हणजे दोन्ही तालुके मिळून एखाद्या मध्यम शहराएवढीच वस्ती.

या गावांची जुनी मांडणी न्याहाळण्यासारखी आहे. सर्वांत वर जांभ्या दगडाचा सपाट माळ. त्याला तेथे 'सडा' म्हणतात. सड्यावर घर नाही, शेतही जवळजवळ नाही. गुरे चरावयाची एवढाच काय तो त्याचा दृश्य उपयोग. उताराला झाडी, पायथ्याशी झरे, झऱ्यांच्या पाण्यावर पोफळी व माडांचे कुळागर, त्याला लागून घरे, घरांच्या पुढे भातशेती, आणि अगदी खाली, शापोरा व तेरेखोल या नद्यांच्या काठी, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजन जमीन. खाजनाच्या बांधाला 'मानस' नावाचे दार असते. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातील जादा पाणी बाहेर सोडते.

वरवर पाहणाऱ्यास सडा म्हणजे पडीक माळ. वस्तुतः तो गावाच्या पाण्याचे कोठार आहे. पावसाळ्यातील पाणी जांभ्याच्या भेगांतून व छिद्रांतून आत मुरते आणि पावसाळा सरल्यावरही झऱ्यांच्या रूपाने पायथ्याशी पाझरत राहते. सड्यावर वस्ती करावयाची नाही, हा जुन्या मंडळींचा संकेत कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदलेला नव्हता; पण विहिरींचे पाणी त्याच्याच आधाराने टिकत होते.

मोपा

याच प्रकारच्या एका सड्यावर, पेडणे तालुक्यातील मोपा येथे, गोव्याचा दुसरा विमानतळ झाला. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी त्याची कोनशिला बसली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले व त्यास मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. दोन हजार एकरांहून अधिक जमीन त्यासाठी लागली. पर्यावरणविषयक मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये, अटी व देखरेख यांसह, स्थगिती उठविली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. तालुक्याच्या लोकसंख्येच्या सुमारे अठ्ठावन्नपट. हे प्रवासी तेथे मुक्कामाला राहत नाहीत, हे खरे. परंतु विमानतळामागून रस्ते आले, हॉटेले आली, निवासी संकुलांच्या जाहिराती आल्या. धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही त्याच सुमारास सुरू झाली.

वाढ मुळीच नको, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पेडण्याच्या तरुणांनी चाकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. त्यांना घराजवळ काम मिळत असेल तर त्यात वाईट मानण्यासारखे काही नाही. प्रश्न क्रमाचा आहे. पेडणे तालुक्याच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः चांदेल येथील प्रकल्पात शुद्ध होते, आणि त्या प्रकल्पाला कच्चे पाणी पुरविण्यात तिलारीच्या कालव्याचा मोठा वाटा आहे. तिलारीचे धरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात. महाराष्ट्र व गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प असून खर्चात गोव्याचा हिस्सा ७३.३० टक्के आहे. कालव्यांनी पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांची शेती भिजावी, हा त्याचा मूळ हेतू. धरणाखाली गेलेल्या गावांतील लोकांनी घरेदारे सोडली ती शेतीला पाणी मिळावे म्हणून, याचा विसर पडू नये. पुढे त्याच पाण्यावर पिण्याच्या पुरवठ्याचा भार वाढत गेला. कालव्याला भगदाड पडण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत, आणि असे घडले की तीन-तीन तालुक्यांचे तोंड कोरडे पडते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे पेडणे तालुक्याला नवी नाहीत.

पटावरील खेळाडूने आधी पाट बांधला असता, मग वस्ती वाढविली असती. येथे वस्तीचे वेध आधी लागले आणि पाण्याची तजवीज मागाहून होत राहिली.

डिचोलीचा धडा

डिचोलीची कथा निराळी, पण बोध तोच. तेथील डोंगरांत लोहखनिज. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळापासून त्याच्या खाणी सुरू झाल्या आणि पुढे सारा तालुका त्यांच्या तालावर चालू लागला. ट्रक, बार्जी, गॅरेजे, खानावळी यांवर हजारो घरे पोसली गेली. धुळीने झाडांची पाने लाल झाली, शेतांत गाळ साचला, तरी पैसा येत होता, म्हणून लोक सोसत राहिले. खाणी खोल जात भूजलाच्या पातळीखाली गेल्या, तेव्हा शिरगावासारख्या गावातील विहिरी आटल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापुढे गेल्या.

मग २०१२ साली खाणकाम थांबले. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ पट्टे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि ट्रक पुन्हा दारात उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन पुढे खाणकामास पुनश्च आरंभ झाला. त्यांत डिचोलीचा पट्टाही होता. ज्या नगराने आपली सारी माणसे खाणीत गुंतवली आणि शेत ओसाड टाकले, त्याचे खाण बंद पडताच काय होते, हे शिकावयाला डिचोलीकरांना कोणत्याही खेळाची गरज उरलेली नाही. यातील एक योगायोग तर विचार करावयास लावणारा आहे. ज्या खंदकांनी भोवतालच्या विहिरींचे पाणी ओढून घेतले, त्यांतच साचलेले पाणी उपसून टंचाईच्या दिवसांत नळयोजनांकडे वळविण्याची पाळी शासनावर आली.

आराखडा कोणासाठी?

वाढीला शिस्त लावण्यासाठी गोव्यात १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे. त्याखाली पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ साली अधिसूचित झाला. त्याचे नाव 'आराखडा २००१'. पुढचा 'आराखडा २०११' २००६ साली निघाला, परंतु शेती व डोंगर बांधकामांस मोकळे केल्याच्या आक्षेपावरून जनआंदोलन उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी तो मागे घ्यावा लागला. नंतर, चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद ज्यात होते अशा कृतिदलाच्या कामातून, गावोगावच्या सूचना मागवून, 'आराखडा २०२१' तयार झाला. २०२३ साली कायद्याच्या १७व्या कलमात एक पोटकलम घालून, 'अनवधानाने राहिलेल्या चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली, एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट उघडण्यात आली. त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. पेडणे तालुक्यासाठी २०२३ साली पुढे आलेला क्षेत्र-आराखड्याचा मसुदाही लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला.

आराखडा म्हणजे साऱ्या गावाने मिळून ठरविलेला खेळाचा नियम. तो बदलू नये असे नाही. मात्र तो सर्वांसमक्ष, सर्व पटाचा विचार करून बदलावा. एकेक घर एकेकाच्या अर्जावरून बदलत गेले, तर शेवटी उरलेल्या पटाला नकाशा म्हणता येत नाही.

आपल्या घरापुरते

आता वाचकांनी स्वतःशी करावयाचा विचार. विमानतळ झाल्यापासून पेडण्याकडील वडिलार्जित जमिनीविषयी विचारणा करणारे दलाल परगावच्या कुटुंबांनाही गाठू लागले आहेत. भाव ऐकून मन हलणे स्वाभाविक आहे, आणि विकावे की न विकावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. तरी सही करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. एक-चौदाचा उतारा काढून त्यात कूळ अथवा मुंडकार म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते तपासावे. पिढ्यान्‌पिढ्या आपली जमीन राखणाऱ्या त्या घराला कायद्याने हक्क दिलेला आहे. गोव्यातील कौटुंबिक कायदा निराळा असल्याने मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो आणि विवाहितांच्या बाबतीत बहुधा पती-पत्नी दोघांची संमती लागते. तेव्हा एका भावाने घाईने दिलेले मुखत्यारपत्र पुढे साऱ्या घराला कोर्टात ओढते. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. आराखड्यात आपली जमीन कोणत्या वापराची दाखविली आहे, हेही नगरनियोजन खात्यात विचारून घ्यावे.

आणि एक प्रश्न गावातील नातलगांच्या मार्फत ग्रामसभेत अवश्य विचारला जावा. नवे संकुल येणार असेल तर त्याला पाणी कोठून येणार, आणि त्याचे सांडपाणी कोठे जाणार? उत्तर कागदावर, आकड्यांनिशी मागावे. 'नळ येईल' हे उत्तर नव्हे.

खेळात डाव हाताबाहेर गेला, तर मुले तो मोडून नवा मांडतात. नकाशा पुन्हा कोरा होतो. सपाट केलेला सडा पुन्हा पाणी मुरवू लागत नाही आणि आटलेला झरा कोणाच्या आज्ञेने परत येत नाही. पेडणे व डिचोली येथील पुष्कळशी जमीन अद्याप हिरवी आहे, बरेच सडे अद्याप मोकळे आहेत, आणि पुढची चाल अजून व्हावयाची आहे. ती पाणी मोजून केली जावी, एवढाच आग्रह आपण सर्वांनी धरावा.