डीएनए ओरिगामी : संगणकप्रणालीच्या साहाय्याने नॅनोरचनांचे आराखडे

सारांश :
डीएनएच्या एका लांब धाग्याला अनेक आखूड धाग्यांच्या साहाय्याने घड्या घालून इच्छित आकाराची अतिसूक्ष्म रचना तयार करण्याच्या पद्धतीस 'डीएनए ओरिगामी' असे म्हणतात. या रचनांचे आराखडे आज संगणकप्रणालीद्वारे तयार केले जातात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, आराखड्यामागील गणित, प्रमुख प्रणालींचे कार्य व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले असून ग्रामीण भागातील विज्ञान महाविद्यालयांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : डीएनए ओरिगामी, आधारधागा, स्टेपल धागे, कॅडनॅनो, नॅनोतंत्रज्ञान.

प्रस्तावना :
आनुवंशिक माहितीचा वाहक म्हणून डीएनए सर्वपरिचित आहे. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी त्याची द्विसर्पिल रचना मांडली. या रचनेत ॲडेनीनची जोडी थायमीनशी व ग्वानीनची जोडी सायटोसीनशीच जुळते. जोडी जुळण्याचा हा नियम इतका काटेकोर आहे की, डीएनएकडे माहितीचा वाहक म्हणून न पाहता बांधकामाचे साहित्य म्हणूनही पाहता येते. हा विचार १९८२ मध्ये अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ नेड्रियन सीमन यांनी मांडला आणि १९९१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने डीएनएच्या धाग्यांपासून घनाकृती सांगाडा तयार केला. तथापि ही रीत किचकट व वेळखाऊ होती. २००६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पॉल रोथमुंड यांनी 'नेचर' या नियतकालिकात सोपी पद्धत प्रसिद्ध केली. हसरा चेहरा, तारा, आयत यांसारख्या सुमारे १०० नॅनोमीटर आकाराच्या आकृत्या त्यांनी याच पद्धतीने घडविल्या.

पद्धतीचे तत्त्व :
एम१३ या जीवाणूंना बाधित करणाऱ्या विषाणूचा डीएनए एकेरी धाग्याचा असून रोथमुंड यांनी वापरलेल्या प्रकारात ७,२४९ बेस आहेत. हा आधारधागा होय. त्यास २०० हून अधिक आखूड धागे जोडले जातात. प्रत्येक आखूड धाग्याचा एक भाग आधारधाग्याच्या एका ठिकाणी व दुसरा भाग दूरच्या ठिकाणी जुळतो. त्यामुळे ती दोन ठिकाणे जवळ ओढली जातात. कागद टाचणाऱ्या पिनेसारखे हे कार्य असल्याने त्यांना 'स्टेपल' धागे म्हणतात. मॅग्नेशियमयुक्त द्रावणात हे मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड केले असता रचना आपोआप आकारास येते.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकांस यासाठी जकार्ड चादरीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. चादरीची नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर उतरवितात, प्रत्येक चौकटीवरून कोणता धागा वर राहील हे ठरते आणि ती माहिती छिद्रांच्या पुठ्ठ्यांद्वारे मागाला दिली जाते. बाण्याचा धागा ज्याप्रमाणे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाऊन परत फिरतो, त्याचप्रमाणे आधारधागाही ओळीमागून ओळ भरत जातो. फरक इतकाच की येथे माग नाही. विणण्याची सूचना स्टेपल धाग्यांच्या बेसक्रमातच लिहिलेली असते.

आराखड्यामागील गणित :
द्विसर्पिलातील लगतच्या दोन जोड्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते. २४ ओळींचा आयत तयार करावयाचा असल्यास ७,२४९ भागिले २४, म्हणजे प्रत्येक ओळीस सुमारे ३०२ बेस मिळतात व ओळीची लांबी साधारण १०३ नॅनोमीटर येते. प्रत्येक स्टेपल धागा ३२ बेसचा धरल्यास सुमारे २२६ धागे लागतात. १६ बेसचे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रम संभवतात. आधारधाग्यावरील जागा मात्र काही हजारच आहेत. त्यामुळे स्टेपल धाग्याच्या १६ बेसच्या अर्ध्या भागाला आपली नेमकी जागा सापडते.

खरी अडचण पिळाची आहे. डीएनएचा एक वेढा सुमारे १०.५ जोड्यांत पूर्ण होतो. शेजारच्या ओळीत धागा ओलांडायचा तर तो त्या क्षणी त्या ओळीकडेच तोंड करून असावा लागतो. मोजणीच्या सोयीसाठी ३२ जोड्यांत तीन वेढे धरल्यास एका वेढ्यास १०.६७ जोड्या येतात. हा फरक किरकोळ भासला तरी दर ३२ जोड्यांमागे सुमारे १७ अंशांचा ताण साचतो आणि सपाट अपेक्षिलेला आयत पिळवटतो. दर ६४ जोड्यांमागे एक जोडी वगळल्यास ६३ जोड्यांत सहा वेढे, म्हणजे नेमक्या १०.५ जोड्या येतात व ताण नाहीसा होतो. उलट, जोड्या हेतुपुरस्सर कमी-अधिक करून रचनेला हवा तसा पीळ व बाक देता येतो, हे हेंड्रिक डिट्झ, शॉन डग्लस व विल्यम शी यांनी २००९ मध्ये दाखविले.

प्रमुख संगणकप्रणाली :
हजारो बेसचा हा हिशेब हाताने करणे अशक्यप्राय आहे. डग्लस व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'कॅडनॅनो' ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या वापराचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आडव्या छेदाच्या तक्त्यावर हव्या त्या ओळींची वर्तुळे निवडणे.
२) त्या ओळींमधून आधारधाग्याचा मार्ग आखणे.
३) प्रणालीने सुचविलेल्या जागी ओलांडण्या देऊन स्टेपल धागे योग्य लांबीत तोडणे.
४) आधारधाग्याचा बेसक्रम भरणे. त्यावरून प्रत्येक स्टेपल धाग्याचा पूरक क्रम प्रणाली स्वतः लिहिते व त्याची यादी कृत्रिम डीएनए तयार करणाऱ्या प्रयोगशाळेस पाठविता येते.

कॅडनॅनो धाग्यांचा मार्ग आखते. प्रत्यक्ष रचना सरळ राहील की वाकेल, याचे उत्तर देत नाही. त्यासाठी 'कॅनडू' ही प्रणाली द्विसर्पिलास लवचीक दांडा मानून आकाराचा अंदाज बांधते, तर 'ऑक्सडीएनए' प्रत्येक न्यूक्लिओटाइडच्या हालचालीचे अनुकरण करते. २०१६ मधील 'डेडालस' या प्रणालीत केवळ बहुफलकाचा आकार दिला असता धाग्यांचा मार्ग संगणकच शोधतो. २०२० मधील 'स्कॅडनॅनो' तर संगणकावर न बसविता ब्राउझरमध्येच चालते.

उपयोग व मर्यादा :
२०१२ मध्ये डग्लस, बॅशेले व चर्च यांनी विशिष्ट पेशींची ओळख पटल्यावरच उघडणारी डीएनएची नळकांडी तयार केली. ही चाचणी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर होती. शरीरात डीएनए तोडणारी विकरे असतात आणि मॅग्नेशियमचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे अशा रचना टिकविणे कठीण जाते. पडद्यावरील निर्दोष आराखडा परीक्षानळीत घडेलच असेही नाही. म्हणून अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करणे अनिवार्य ठरते.

भारतीय संदर्भ व महाविद्यालये :
भारतात या विषयाची परंपरा आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जिवंत पेशीतील आम्लता मोजणारा डीएनएचा सूक्ष्म संवेदक सादर केला. भारतीय विज्ञान संस्थेत प्रबल मैती यांच्या गटाने डीएनए नॅनोरचनांचे संगणकीय अनुकरण केले आहे.

पंढरपूर, सांगोला वा मंगळवेढा येथील पदवी महाविद्यालयात अणुबल सूक्ष्मदर्शक असणे अपेक्षित नाही. परंतु आराखड्याचे काम साध्या संगणकावर विनामूल्य होऊ शकते. येथे काटकसरही आराखड्यातच साधते. कारण मार्ग चुकलेला आराखडा मागणीस गेला तर दोनशेहून अधिक धाग्यांचा खर्च वाया जातो आणि अल्प निधीच्या संस्थेस दुसरी संधी मिळत नाही. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व संगणकशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आराखडा करावा, अनुकरणाने तपासावा व निवडक आराखडाच सुसज्ज प्रयोगशाळेकडे सहकार्यासाठी पाठवावा, हा व्यवहार्य मार्ग होय.

निष्कर्ष :
१) डीएनए ओरिगामीचे यश जोडीच्या नियमावर व पिळाच्या अचूक हिशेबावर अवलंबून आहे.
२) संगणकप्रणालीमुळे हा हिशेब सुलभ झाला असला तरी प्रयोगाची जागा ती घेऊ शकत नाही.
३) आराखड्याचा टप्पा अल्पखर्चिक असल्याने ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या संशोधनाचे दार येथूनच उघडता येईल. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा विभागांमधील भिंती ओलांडणारे अध्यापन अधिक आवश्यक आहे.