टाचणी बुडते, कलिंगड तरंगते

मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना आपण दिवसाला किती थापा मारतो, याचा हिशेब कधी केला आहे तुम्ही? मी तरी केला नव्हता. परवा सुट्टीत माझ्या धाकटीने तो मला करायला लावला.

संध्याकाळी आम्ही गावातल्या तळ्यावर गेलो होतो. पाण्यावर चार-पाच बदके अशी निवांत बसली होती, की जेवणं आटोपून आपण सतरंजीवर बसावं. धाकटीने विचारले, "आई, बदक बुडत का नाही गं?" माझे लक्ष भेळवाल्याने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांत. म्हटलं, "हलकं असतं ना, म्हणून!"

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरातून हाक आली. गार व्हावे म्हणून टबात टाकलेले कलिंगड पाण्यावर डुलत होते आणि बाईसाहेब हातात टाचणी घेऊन उभ्या.

"आई, कलिंगड केवढ्याचं?"

"असेल पाच किलोचं."

तिने टाचणी पाण्यात टाकली. ती सरळ तळाशी. "मग हलकं कोण?"

आता काय सांगणार? मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पण मराठी. शास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. रात्री भांडी आवरून थोरल्याचे पुस्तक उघडले. 'हे' म्हणाले, "परीक्षा आहे का तुझी?" होतीच म्हणा!

गोष्ट तशी सोपी आहे. कुठलीही वस्तू पाण्यात शिरली, की तेवढ्या जागेतले पाणी तिला बाजूला सारावे लागते. आणि जेवढे पाणी बाजूला झाले, त्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलते. सिरॅक्यूजच्या आर्किमिडीजने हे बावीसशे वर्षांपूर्वी ओळखले. पाच किलोच्या कलिंगडाला पाच लिटर पाणी सारले की पुरते. त्याचा आकार त्याहून थोडा मोठा, म्हणून उरलेला भाग वर राहतो. टाचणी बिचारी वजनाने नगण्य, पण तिने सारलेले पाणी त्याहूनही नगण्य. कारण लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. म्हणजे नुसते वजन बघायचे नाही, केवढ्या जागेत किती वजन ते बघायचे. स्टीलची वाटी बादलीत अलगद ठेवा, तरंगेल. पाण्याने भरा, बुडेल. वाटी तीच, आतली हवा गेली एवढेच.

बदकाचेही सगळे बळ हवेतच आहे. त्याच्या अंगालगत मऊ पिसांचा थर असतो आणि त्यावर मोठी पिसे. त्यांचे बारीक तंतू आकड्यांनी एकमेकांत असे गुंतलेले असतात, की पाणी आत शिरत नाही आणि हवा अडकून राहते. शेपटीच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. बदक सारखे चोच फिरवत बसलेले दिसते ना, ते नटणे नव्हे. तेल लावून, विस्कटलेली पिसे पुन्हा गुंतवून ते आपली होडी दुरुस्त करत असते. पाणकावळ्याचे उलट. त्याची पिसे भिजतात, म्हणून त्याला खोल बुडी मारता येते आणि मग दगडावर बसून पंख वाळत घालावे लागतात. बदकाच्या पाण्यात आपली कपड्यांची पावडर फार झाली, तर त्याचीही पिसे भिजतात आणि ते काकडते. तळ्याकाठी गोधड्या धुताना हे आठवावे.

एकदा डोक्यात शिरल्यावर मला घरभर तेच दिसू लागले. पुरी तेलात आधी खाली जाते आणि फुगली की वर येते. जुन्या अंड्यात हवेची पोकळी वाढते, म्हणून ते पाण्यावर येते. ताजे अंडे तळाशी बसते. पण ग्लासभर पाण्यात पोह्याच्या चमच्याने तीन चमचे मीठ विरघळवा, तेही वर येईल. खारे पाणी जड, त्यामुळे त्याचा रेटा जास्त. धाकटीने दोन अंडी यात फोडली, ती गोष्ट वेगळी.

पण खरे सांगू? मी रात्री पुस्तक घेऊन बसले ते एकट्या बदकासाठी नव्हे.

अकरा वर्षांची असताना मामाच्या विहिरीत मी पोहायला शिकत होते. कमरेला वाळके भोपळे बांधलेले. तीही हवाच, आज कळतं! एक दिवस दोरी सुटली. मी दोन्ही हात वर करून मामाला हाक मारली आणि तशीच खाली गेले. हिरवे पाणी आणि मामाने धरलेली वेणी, एवढेच आठवते. त्यानंतर पाण्यात पाऊल टाकले नाही, आणि मुलींनाही टाकू दिले नाही.

पुस्तकावरून मला माझी चूक दिसली. छातीत श्वास भरलेला असला, तर माणूस जेमतेम तरंगतो. डोक्याहूनही लहान भाग पाण्याबाहेर राहू शकतो. दोन्ही हात मिळून पाच-सहा किलोंचे. ते पाण्यात असतात तोवर पाणी त्यांना पेलते. वर काढले, की तो सगळा भार डोक्याला खाली दाबतो. मी हात वर केले म्हणूनच खाली गेले होते. हात पाण्यात पसरून, मान मागे टाकून, छाती भरून उताणी पडले असते, तर नाक-तोंड वर राहिले असते. हे मला कुणी सांगितलेच नव्हते. मामा चांगला पोहणारा. पण त्याला ते सांगण्यासारखे वाटले नसावे.

(एवढे वाचून कुणी एकटीने नदीत उतरू नये हं. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा, आणि तरंगणे म्हणजे पोहणे नव्हे.)

मे महिन्यात तलावावरच्या बायकांच्या वेळेत आम्ही दोघींनी नाव घातले. धाकटी चार दिवसांत सुटली. मी आठ दिवस कठड्याला धरून. नवव्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी पाठीखाली हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, चरबी पाण्याहून हलकी असते. आपल्याला बुडायची घाई नाही!" मी श्वास भरला, हात पसरले. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. वर पत्र्याला लोंबणारे एक फाटके पोस्टर दिसत होते. बाईंनी हात केव्हा काढून घेतला, कळलेही नाही.

काठावरून धाकटी काहीतरी ओरडत होती. उभी राहिल्यावर विचारले, "काय म्हणत होतीस गं?"

"तुझं पोट वर दिसतंय, म्हणत होते," ती म्हणाली. "कलिंगडासारखं."